साखळीवरची चिंधी

२०१४ च्या पावसाळ्यात मी अकरा रात्रींत सात वह्या भरल्या. दोनशे पानी, शाळेतल्या पोरांसाठी आणून ठेवलेल्या. खान्देशात असं आजवर कुणी लिहिलेलं नाही, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाराव्या दिवशी पहाटे पावणेपाचला मुख्याध्यापकांना फोन लावला आणि सांगितलं, सर, मला आता नोकरीची गरज राहिलेली नाही. ते बिचारे झोपेतच म्हणाले, "मॅडम, अर्ज द्या."

वह्या अजून माझ्याकडे आहेत. पहिल्या दोन ठीक. तिसरीपासून ओळींखाली रेघा सुरू होतात. आधी एक, मग दोन, सहाव्या वहीत तर कागद फाटेपर्यंत. केळी, वेळी, बळी, खळी अशी यमकं पानंच्या पानं. निम्मं प्रमाण मराठी, निम्मं अहिराणी, मधेच चौथीच्या हजेरीपटावरची नावं. वेडाच्या भरात माणसाला काहीतरी वरचं दिसतं असं मानणारे बरेच भेटतात, त्यात लिहिणारेही असतात. त्यांना या वह्या दाखवायची माझी तयारी आहे. सात वह्यांतून माझ्या कादंबरीत एक वाक्य आलं. एकच.

पुढचं थोडक्यात सांगते. नवऱ्याने आणि भावाने मला जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य, असं निदान झालं. डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला असं काही होतं का? भाऊ म्हणाला, नाही. शुद्धीवर असते तर मीही नाहीच म्हटलं असतं, पण मी तेव्हा टेबलावरच्या पेपरवेटशी बोलत होते.

लिथियम सुरू झालं. लिथियममध्ये गूढ काही नाही, मिठाच्या जातीचा क्षार. उन्मादावर त्याचा उपयोग होतो हे १९४९ मध्ये जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने दाखवलं. पण ते शरीरात वागतं मिठासारखंच, आणि खान्देशात राहणाऱ्याला ही गोष्ट सोपी जात नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला, घाम वाहिला, पाणी कमी पडलं, की रक्तातली पातळी वर चढते. ही पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान हवी. रक्त द्यायचं ते आदल्या रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर. शिवाय थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या ठरलेल्या. तहान खूप लागते, हात किंचित थरथरतो. फळ्यावर लिहिताना वेलांटी वाकडी येते. पोरं आधी हसली, मग त्यांनाही सवय झाली.

दोन वर्षं मी काहीही लिहिलं नाही. लिहावंसं वाटलंही नाही. साडेनऊला झोप, सहाला उठणं, शाळा, स्वयंपाक. त्या सपाट दिवसांबद्दल मी तेव्हा डॉक्टरांकडे खूप तक्रार करायची.

२०१६ मध्ये गावाकडचं घर पाडायला काढलं. आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीकाठी. जुनं धाब्याचं घर होतं, पावसात गळायचं. भावाने नानांची पत्र्याची पेटी मला आणून दिली. नाना म्हणजे आमचे वडील, ते १९९७ मध्ये गेले. पेटीत सोसायटीच्या पावत्या, केळीच्या पट्ट्या, एक तुटका चष्मा, आणि चार घड्या घातलेला एक केसपेपर. तारीख मे १९८६. डॉक्टरचं अक्षर डॉक्टरसारखंच, पण वर मोठ्या अक्षरांत एक गोष्ट वाचता येत होती. एम.डी.पी.

हे एम.डी.पी. मला लहानपणापासून माहीत होतं. जिभाऊ, म्हणजे मोठे काका, अभिमानाने सांगायचे की नानाला आम्ही साध्यासुध्या नाही, एम.डी.पी. डॉक्टरला दाखवलं. त्यांना वाटायचं एम.डी.च्या वरची डिग्री असावी. आम्हालाही तेच वाटायचं. पुढच्या वेळी रक्ताचा रिपोर्ट दाखवायला गेले तेव्हा केसपेपर बरोबर नेला. डॉक्टर आधी हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस. आता आपण बायपोलर म्हणतो ते हेच."

म्हणजे ज्या प्रश्नाला भाऊ नाही म्हणाला होता त्याचं उत्तर तीस वर्षं घरातच होतं. गोधड्यांच्या खाली.

त्या रात्री मी पुन्हा लिहायला बसले.

पहिला खर्डा सरळ खरं खरं लिहिण्याचा होता. नव्वद पानं झाली. नवऱ्याला वाचायला दिली, तो दोन दिवस काही बोलला नाही, मग म्हणाला, "हे गटशिक्षणाधिकाऱ्याला लिहिल्यासारखं वाटतंय." आणि ते बरोबर होतं. उपरोक्त विषयास अनुसरून माझं बालपण असं असं खराब करण्यात आलं, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. मोठमाय, म्हणजे आजी, दोषी, जिभाऊ दोषी, गाव दोषी, भगत दोषी. मी सोडून सगळे दोषी. तक्रारअर्जात एक अडचण असते, अर्जदार कधी हलत नाही. तो पहिल्या पानावर जिथे उभा असतो तिथेच शेवटच्या पानावर सही करतो.

दुसरी अडचण भावाने काढली. त्याच्या मुलीचं जमवायचं चाललं होतं. "ताई, तुझ्या नावाने पुस्तक येईल, त्यात नानांचं येईल, तुझं येईल. दोन पिढ्या. लोक तिसरी मोजतील." मी चिडले, पण त्याचं चुकीचं नव्हतं. आमच्याकडे सोयरीक ठरताना आधी शेती विचारतात, मग आडून आडून हेच विचारतात. घरात कुणाला "बाहेरचं" तर नाही ना.

म्हणून कादंबरी. मोठा साहित्यिक विचार वगैरे काही नव्हता, भाचीच्या लग्नासाठी मी कथनप्रकार बदलला. नावं बदलली. गाव बदललं. तापी काढून गिरणा घातली, केळी काढून कोरडवाहू कपाशी घातली. म्हटलं आता ओळख पटायला नको.

तीन महिन्यांनी लक्षात आलं की गोष्ट चालतच नाही. नानांसारखा माणूस कपाशीच्या गावात पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या डोळ्यांवर आला असता. रात्री गाव झोपतं, हा झोपत नाही, हा का फिरतो? पण आमचं गाव केळीचं. केळीला बारा महिने पाणी लागतं. विहीर तीन भावांत, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि पाळी बरेचदा रात्रीची. नाना आपली पाळी भरायचे, मग जिभाऊंची भरायचे, मग धाकट्या काकांची. लोक म्हणायचे काय कामाचा माणूस आहे, रात्र रात्र वाफ्यात उभा असतो. जिभाऊ तर खूश होते, त्यांची झोप होत होती. नाना तीन तीन आठवडे झोपत नव्हते आणि ते कुणाला दिसलं नाही, कारण आमच्याकडे रात्री जागणाऱ्या माणसाला आजारी म्हणत नाहीत, कष्टाळू म्हणतात.

सात वह्यांतून वाचलेलं वाक्य ते हेच. "नाना पाणी भरायला जायचे आणि आम्हाला वाटायचं आज आपली पाळी आहे." चौथ्या वहीत, रेघांच्या मधे, एका यमकाखाली दडपलेलं. ते लिहिताना मी स्वतः नवव्या रात्रीची जागी होते.

तापी परत आणली. केळी परत आणली. भावाला फोन करून सांगितलं, तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "निदान तालुका तरी बदल." तेवढं केलं.

आता लिहिण्याच्या पद्धतीबद्दल, कारण शाळेतल्या बाया मला हेच जास्त विचारतात. डॉक्टरांशी आणि नवऱ्याशी करार झाला होता. रात्री नऊनंतर वही उघडायची नाही. दिवसाला तीनशे शब्द. सलग तीन दिवस हजाराच्या वर गेले तर नवऱ्याने डॉक्टरांना फोन करायचा, मला न विचारता. सुरुवातीला याचा फार अपमान वाटला. कुठल्या लेखकाच्या घरात नवरा रोज शब्द मोजतो? पण दोनदा त्याने खरंच फोन केला, आणि दोन्ही वेळा तो बरोबर होता. एकदा तर शब्द मोजायचीही गरज पडली नाही. मी यमकं जुळवायला लागले होते.

तीनशे शब्दांत रंग भरता येत नाही. एक माणूस ओट्यावरून उठून दारापर्यंत जातो, संपले. त्यामुळे मला हळू बघायची सवय लागली. ज्या सपाट दिवसांबद्दल मी कुरकुर करायची, कादंबरी त्याच दिवसांनी लिहिली. उन्मादाने सात वह्या लिहिल्या. मधे २०१७ च्या हिवाळ्यात नैराश्याचा एक झटका आला, त्याने काहीच लिहिलं नाही, चार महिने मी भिंतीकडे तोंड करून होते. त्या चार महिन्यांतलं काही कादंबरीत आलेलं नाही. आणायचा प्रयत्न केला, पण त्यात सांगण्यासारखं खरंच काही नसतं.

एका प्रशिक्षणात एका ताईंनी सांगितलं की लिहिल्याने मन मोकळं होतं, तसं संशोधन आहे. घरी येऊन शोधलं. आहे. पेनीबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहून उठल्या उठल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं, हे ताई सांगायचं विसरल्या. तो अभ्यास छापून आला १९८६ मध्ये. आमच्या घरी साखळी आली तेच साल.

साखळीचं सांगायलाच हवं.

१९८६ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मी आठ वर्षांची. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात, पुरणपोळी आणि आमरस होतो, आणि बाप्ये पत्त्यांचे डाव मांडतात. एवढा एक सण असा की जुगाराला घरातलं कुणी बोलत नाही. नानांनी त्या दिवशी डावावर विहिरीतला आपला हिस्सा लावला. मग बैलजोडी लावली. मग गावातल्या एका माणसाला, जो डावात नव्हताही, त्याला म्हणाले की तुझं शेत मी कालच सरकारकडून विकत घेतलंय. मारामारी झाली. दुपारी चार माणसांनी नानांना घरी आणलं आणि गोठ्यात, मधल्या खांबाला, बैलाच्या साखळीने बांधलं. कुलूप मोठमायने लावलं. नऊ दिवस.

मला आठवतं ते एवढंच. माय मला म्हणाली, जा झोक्यावर. मी गेले. झोका बांधलेला लिंब गोठ्याच्या भिंतीपलीकडे होता. झोका वर गेला की भिंतीवरून आत दिसायचं, खाली आला की माती. वर गेला की नानांचं डोकं आणि खांब, खाली आला की माती. मी कितीतरी वेळ झोके घेत होते. पाय कधी दिसला नाही, भिंत आड यायची. साखळीचा आवाज यायचा.

हा प्रसंग मी चार महिने लिहीत होते. आठ वर्षांच्या मुलीच्या नजरेने लिहायचा तर झोक्यावरून उतरताच येईना. जिभाऊंच्या नजरेने लिहिला, तो पुन्हा अर्ज झाला. दरम्यान एका वकील मैत्रिणीला विचारलं की त्या काळात दुसरं काय करता आलं असतं? तिने सांगितलं की १९८६ मध्ये इंग्रजांचा १९१२ चा वेड्यांचा कायदा चालू होता. मनोरुग्णालयात ठेवायचं तर बहुतेक वेळा मॅजिस्ट्रेटचा हुकूम, म्हणजे दारात पोलीस. १९८७ मध्ये नवा कायदा झाला तो लागू व्हायला १९९३ उजाडलं. साखळीने बांधायला स्पष्ट मनाई करणारा कायदा २०१७ चा. आणि सरकारी मनोरुग्णालयं होती ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार. खान्देशात एकही नाही. मोठमाय आयुष्यात चोपड्याच्या पलीकडे गेली होती ती फक्त गडावर, सप्तशृंगीला, तेही पायी. तिच्या लेकाला एस.टी.ने एका रात्रीच्या अंतरावर नेऊन सोडून यायचं, की आपल्या गोठ्यात आपल्या कुलपात ठेवायचं? मी तिला माफ करत नाही, अजूनही नाही. पण तिच्यापुढे काय होतं ते मला पहिल्यांदा कळलं, आणि तिथे मी प्रसंग तिच्या हातात दिला.

२०१९ चा मे होता. दाढ दुखत होती म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या चार दिवस खाल्ल्या. त्या प्रकारच्या वेदनाशामकांनी लिथियम वाढतं हे मला माहीत असायला हवं होतं, वर ते ऊन. पातळी १.५ झाली, उलट्या, हाताला इतका कंप की कप धरवेना. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, सलाइन लावलं. बरी झाले तशी त्याच आठवड्यात, अजून थरथरणाऱ्या हाताने, हे लिहिलं:

"म्हातारीने त्याचा पाय मांडीवर घेतला, तान्ह्या पोराला तेल लावताना घेतात तसा. हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून तिने साखळीच्या कड्यांतून ओवली, एक सोडून एक, आणि घोट्याजवळची कडी पूर्ण गुंडाळली. बोट घालून पाहिलं, काचत नाही ना. मग कुलूप लावलं. किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली, सुपारीशेजारी."

ही चिंधी मी रचली. मला खात्री आहे. मी काही पाहिलं नव्हतं, कुणी कधी सांगितलं नव्हतं, आमच्या घरात त्या नऊ दिवसांबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. मोठमायच्या हातात प्रसंग दिला आणि तिचे हात रिकामे राहू शकत नव्हते, म्हणून ती आली.

त्यानंतर कादंबरी दोन वर्षांत संपली. दोन प्रकाशकांनी परत पाठवली. एकाने सुचवलं की शेवटी नायकाने विहिरीत उडी घेतली तर परिणाम साधेल. मराठी गोष्टीला वेड्या माणसाला विहिरीत टाकायची खोडच आहे. नाना काविळीने गेले, साध्या, घरोघरी होते तशा काविळीने. त्याआधी अकरा वर्षं ते गोळ्यांवर बरेचसे ठीक होते. केळीच्या बागेचा हिशेब त्यांच्याइतका चोख गावात कुणाचा नसायचा. आजारी असायचे तेव्हाही ते वर्षातले दोन महिने, उरलेले दहा महिने ते कुणाचेही असतात तसे वडील होते. हे दहा महिने कादंबरीत आणायचेच म्हणून मी एक अख्खं प्रकरण घातलं, ज्यात काही होत नाही. हिवाळ्याची संध्याकाळ आहे. नायक खळ्यावर कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजतो, हाताने सोलतो, बडगीत मिरच्या आणि लसूण घालून ठेचतो, पोरांना म्हणतो, पातीचा कांदा धुऊन आणा. सगळे जेवतात. प्रकरण संपतं. तिसऱ्या प्रकाशकाच्या संपादकांनी हे प्रकरण काढा म्हटलं, तेवढं मी काढलं नाही.

पुस्तकात "बायपोलर" हा शब्द कुठेच नाही. १९८६ च्या गावात तो नव्हता, तर मी कुठून आणणार? एम.डी.पी. मात्र आहे. डिग्री म्हणूनच आहे.

छापायला जाण्याआधी घरच्यांना वाचायला द्यायचं ठरवलं होतं. मायला वाचता येतं पण ती वाचत नाही, मी गोष्ट तोंडी सांगितली. शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "मी शे का त्यामा?" मी दचकले. चारशे पानांत ती जेमतेम पाच ठिकाणी होती, सगळीकडे चुलीजवळ. झोक्यावर जा म्हणणारं वाक्यसुद्धा मी कुणा शेजारणीला दिलं होतं. मी म्हटलं, थोडीशी आहेस. ती म्हणाली, "बरं व्हयनं," आणि दळण आणायला गेली. तिचं ते "बरं" कसलं होतं हे मला अजून कळलेलं नाही. पुढचं लिहिणं झालंच तर तिथून सुरू होईल.

फुईला, म्हणजे नानांच्या धाकट्या बहिणीला, मोठ्या टायपात प्रिंट काढून साक्रीला पाठवलं. ती चौथी शिकलेली, पोथ्या वाचायची सवय, बोट ठेवून ठेवून वाचते. मला भीती होती ती तिचीच. मोठमायबद्दल वाईट शब्द ती ऐकून घेत नाही. तीन आठवड्यांनी फोन आला. आधी म्हणाली, "आपला घरनी गोट लोकेसले काबर सांगस?" मी म्हटलं, फुई, गोष्ट आहे ती, नावं वेगळी आहेत, सगळं रचलेलं आहे. ती जरा थांबली.

"मंग रंग काबर चुकना?"

कसला रंग, मी विचारलं.

"लुगडं नही व्हतं ते. पातळ व्हतं. जांभळं. मनं."

माझ्या हातातला फोन थरथरत होता, तो लिथियमने नक्कीच नाही. मी विचारलं, तू पाहिलंस? चिंधी बांधताना पाहिलंस? ती म्हणाली, पाहायचं काय त्यात, माझंच पातळ फाडलं, मी रडले होते, नवं होतं. मग एकदम विषय बदलून कांद्याचा भाव सांगायला लागली आणि पुढे काही केल्या त्यावर आली नाही.

मायला विचारलं. ती भांडी घासता घासता म्हणाली, "ती त्या साले आखाजीले ऊनी नव्हती." फुईचा सासरा त्याच उन्हाळ्यात वारला होता म्हणे, म्हणून ती आलीच नव्हती. जिभाऊंना विचारायची सोय नाही, ते २००९ मध्ये गेले. भाऊ त्या वेळी लहान होता. आठ वर्षांची असताना माझ्या कानावर काय पडलं, झोक्यावरून खरंच काय काय दिसलं, आणि ते मी कुठे ठेवून दिलं, हे मला कोण सांगणार? की फुईनेच तीन आठवडे बोट ठेवून वाचता वाचता आपलं एक पातळ तिथे नेऊन बांधलं? एक रात्र मी यावर विचार करत जागी राहिले. नवऱ्याने बघितलं, काही बोलला नाही, सकाळी फक्त विचारलं, डॉक्टरांना फोन करू का? मी म्हटलं, आज नको. उद्याही झोपले नाही तर कर.

झोपले. सकाळी संपादकांना फोन लावला. ऑफिस उघडल्यावर, अकरा वाजता, पावणेपाचला नाही.

"सर, एकशे बाराव्या पानावर एक दुरुस्ती आहे. हिरव्या लुगड्याची पट्टी, तिथे जांभळ्या पातळाची करा."

"मॅडम, फाइल सोमवारीच प्रेसला गेली. अर्थ बदलतो का काही?"

"नाही."

"मग पुढच्या आवृत्तीत घेऊ की."

"रंग चुकलाय, सर," मी म्हटलं. "थांबवता येईल का बघा ना."